पोर गाडीवर असताना फोन करू नका

खान्देशातल्या अकरावी-बारावीच्या मुलामुलींच्या आईवडिलांना खुले पत्र

सर्व भाऊ, दादा, ताई, वहिनींना नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावोगावी एकच बोलणं सुरू होतं. कॉलेज तालुक्याला, क्लास तालुक्याला, मग पोराला गाडी घ्यायची की घरातलीच द्यायची? तुमच्या घरी हे बोलणं चालू असतानाच हे पत्र पोहोचावं, म्हणून लिहितो आहे.

मी एसटीचा निवृत्त चालक. चोपड्याहून जळगाव, धुळे, शिरपूर-शहादा, यावल-रावेर या रस्त्यांवर माझी नोकरी झाली. चालकाची सीट उंच असते. पुढे चाललेल्या दुचाकीवाल्याचं तोंड दिसत नाही, पण मान, खांदे, कोपर सगळं वरून स्वच्छ दिसतं. पोरगा फोनवर बोलतोय हे कळायला फोन दिसावा लागत नाही. आधी काही कारण नसताना गाडीचा वेग उतरतो. मग मान एका खांद्याकडे कलते आणि गाडी त्या अंगाला सरकू लागते. हॉर्न दिला तर पोरगा दचकून बाजूला होतो, आणि दोन मिनिटांत पुन्हा रस्त्याच्या मधोमध येतो. मुली उन्हापासून बचाव म्हणून तोंडाला स्कार्फ बांधतात, त्या स्कार्फमध्येच कानाशी फोन खोचलेला असतो. दोन्ही हात हँडलवर, गाडी सरळ. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी किती नीट चालवतेय.

एक प्रसंग सांगतो. जळगावकडे येताना विदगावच्या पुलाच्या अलीकडे एक मुलगी स्कूटीवर माझ्या पुढे होती. वेग एकदम वीसवर आला. मी मागे थांबून राहिलो, कारण समोरून केळीने भरलेला ट्रक येत होता आणि ओव्हरटेकला जागा नव्हती. ट्रक जवळ आला तशी ती उजवीकडे सरकत गेली. ट्रकवाल्याने दिवे मारले, मी हॉर्न दाबून धरला. अगदी शेवटच्या क्षणी तिने हँडल वळवलं, चाक साइडपट्टीच्या खाली उतरलं, गाडी डगमगली, पण ती पडली नाही. पुढच्या थांब्यावर ती पाय टेकवून उभी होती. मी खिडकीतून विचारलं, "बेटा, कोणाचा फोन होता?" ती म्हणाली, "आईचा. डबा घरीच राहिला, ते सांगायला."

या उत्तरानंतर मला सवयच लागली. थांब्यावर, टपरीवर, रेल्वे फाटकापाशी अशी पोरं भेटली की मी विचारायचो, कोणाचा फोन होता रे? मित्राचा असेल, नाहीतर पोरगा गाणी लावत असेल, असं मला वाटायचं. तसंही असायचं. पण "पप्पांचा", "मम्मीचा", "काकांचा" ही उत्तरं इतकी यायची की मी गप्प व्हायचो. आपण पोरांना म्हणतो, गाडीवर फोन नको, रील नको, स्टंट नको. रील बघत गाडी हाणणारी पोरं आहेत, ती मी पाहिली आहेत, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण साध्या घरातलं, सांगितलेलं ऐकणारं, अभ्यासातलं पोर गाडीवर फोन उचलतं, तेव्हा पलीकडे बहुतेक वेळा आपणच असतो.

आपण काय बोलतो तेही ऐका. "कोठे शे रे?" हे पहिलं. मग, येताना फवारणीचं औषध घेऊन ये. लाईट आली आहे, परस्पर शेतात जाऊन मोटर चालू कर. आजीच्या गोळ्या संपल्यात. मावशी स्टँडवर उतरलीय, तिला घे. यातलं एकही काम दहा मिनिटं थांबणार नाही असं नसतं. पण पोराने फोन उचलला नाही तर संध्याकाळी घरी पहिला प्रश्न तोच असतो, फोन का उचलला नाहीस? मग पुढच्या वेळी ते पोर हँडल एका हातात धरतं आणि फोन उचलतं. आपल्या आज्ञेत राहण्यासाठीच ते हे करत असतं.

लग्नसराईत तर बघवत नाही. लग्नघरात गाडी चालवता येणारं सोळा-सतरा वर्षांचं एक पोर असतंच. बर्फाच्या लाद्या, पत्रावळी, हार, राहिलेलं वऱ्हाड, सगळ्याला त्यालाच पिटाळतात. एक काका सांगतो बर्फ आण, दुसरा सांगतो आधी भटजींना घे, आणि मांडवातले चार जण त्याच पोराला फोन लावत बसतात. भर मे महिन्याचं ऊन, डोक्याला हेल्मेट नाही, रात्रभर हळदीत जागरण झालेलं. त्या पोराचा जीव तेव्हा आपल्या फोनवर टांगलेला असतो, आणि मांडवात कोणाच्या मनातही ते येत नाही.

आता हिशेब बघा. साठच्या वेगाने चाललेली गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून पाहणी केली होती. त्यात मेसेज वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या चालकाची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावरून हटलेली आढळली. ४.६ सेकंदांत साठच्या वेगाची गाडी ७५ मीटरच्या पुढे जाते. एकामागे एक सहा-सात एसट्या उभ्या केल्या तर तेवढं अंतर होतं. तुमच्या पोराला एवढं अंतर डोळे मिटून गाडी चालव म्हणून तुम्ही सांगाल का?

आणि आपले रस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर तळोद्यापासून रावेरपर्यंत जा. शहाद्याच्या बाजूला हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एकाला एक जोडलेल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी. यावल-रावेरला केळीच्या गाड्या. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या, कापूस दोन्ही बाजूंनी इतका बाहेर आलेला की गाडीची रुंदी किती ते कळत नाही. डांबर संपतं तिथे काळी माती, आणि पाऊस पडून गेला की त्या मातीत उतरलेलं चाक परत वर येत नाही. संध्याकाळी गुरं परततात. धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या किंवा पारोळा-एरंडोलहून जळगावकडे येणाऱ्या हायवेवर कंटेनरच्या रांगा, आणि त्यांतून वाट काढत आपली पोरं क्लासला जातात. तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही या रस्त्यांवर पूर्ण लक्ष द्यावं लागतं. सहा महिन्यांपूर्वी गाडी शिकलेल्या पोराकडे वाटून द्यायला लक्ष कुठून येणार?

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यातली शंभरातली चव्वेचाळीस तरी दुचाकीवरची होती. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात ५ ते २९ या वयातली माणसं सगळ्यात जास्त रस्त्यावरच्या अपघातांनी दगावतात. म्हणजे ताप, साथी, साप या सगळ्यांपेक्षा, ज्यांची आपण इतकी काळजी करतो.

काही पालक सांगतात, आमच्या पोराकडे ब्लूटूथ आहे, फोन हातात धरावाच लागत नाही. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हात मोकळे असले तरी डोकं मोकळं नसतं. गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो आणि हँड्स-फ्रीने तो फारसा कमी होत नाही, हेही जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं आहे. मी हे गाडीत रोज बघायचो. माझ्या शेजारी येऊन कंडक्टर हिशेबाचं काही बोलत असला आणि समोर ओव्हरटेकची वेळ आली, की मी न सांगता तो बोलायचा थांबायचा, कारण त्यालाही तोच रस्ता दिसत असायचा. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही. समोरून ट्रक येतोय की बैल आडवा गेलाय, त्याला पत्ता नसतो. तो बोलतच राहतो, आणि पोर ऐकत राहतं. डोळे रस्त्यावर असतात, पण ते घरातल्या कपाटात आईने सांगितलेली गोष्ट शोधत असतं.

बरं, आता लायसन्सचं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं असं गावात सगळेच सांगतात. ते खरं आहे, पण ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीपुरतं, तेही पालकांच्या संमतीने. आज रस्त्यावर दिसणारी पेट्रोलची स्कूटी शंभर सीसीच्या वरची असते. म्हणजे ती स्कूटी काय आणि स्प्लेंडर-पल्सर काय, अठरा पूर्ण झाल्याशिवाय कुठलीच चालत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ घातलं गेलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. विम्याचंही ऐका. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम द्यायला कोरडवाहू दोन-तीन एकर विकावे लागतील.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ लायसन्स काढलं, तरी एक नियम आपल्याकडे कोणी पाळत नाही. शिकाऊ लायसन्सवर मागे फक्त शिकवणारा, पक्कं लायसन्स असलेला माणूस बसू शकतो. मित्र नाही, बहीण नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. बापाने किंवा मोठ्या भावाने महिनाभर पोराच्या मागे बसून क्लासपर्यंत जावं. ट्रॉलीच्या मागे किती अंतर ठेवायचं, समोरच्याचा दिवा डोळ्यावर आला तर काय करायचं, साइडपट्टीवरून चाक उतरलं तर हँडल झटकन का ओढायचं नाही, हे मागे बसूनच शिकवता येतं. मित्र मागे बसला की तो रील दाखवायला फोन पुढे करतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नवीन लायसन्सवाल्या पोरांनी आपल्या वयाची किती पोरं गाडीत घ्यायची यावरही बंधन आहे. आपल्याकडे ट्रिपल सीट ही कॉलेजची ओळखच झाली आहे.

मात्र लायसन्स असो की नसो, मला खरी भीती खिशात वाजणाऱ्या फोनची आहे. म्हणून तुमच्याकडे मागणं मागतो.

पोर निघालं की त्याने "निघालो" असा एक मेसेज करावा आणि फोन आवाज बंद करून डिक्कीत टाकावा. डिक्की नसेल तर बॅगेच्या तळाशी, पुस्तकांच्या खाली. खिशात ठेवला तर तो थरथरतो आणि हात तिकडे जातोच. पोहोचल्यावर "पोहोचलो" म्हणून कळवावं. या दोन मेसेजच्या मध्ये घरातल्या कोणीही फोन करायचा नाही. आजीने नाही, काकाने नाही, पुण्याला असलेल्या ताईनेही नाही. हे घरात सगळ्यांना बसवून एकदा सांगा. कधी चुकून लागलाच आणि पोराने उचललाच, तर तुमच्या तोंडून पहिला शब्द "गाडीवर आहेस का?" हाच यावा, आणि हो म्हणालं की डबा, औषध, मोटर काहीही न बोलता ठेवून द्या. आणि उचलला नाही म्हणून कधीही रागावू नका. उलट म्हणा, बरं केलंस. हे एक वाक्य तुमच्या पोराला गाडीवर फोन न उचलण्याची परवानगी देईल. आज त्याच्याकडे ती परवानगीच नाही.

मुलींच्या आया म्हणतील, भाऊ, तुम्हाला बोलायला सोपं आहे. अंधार पडला, रस्ता सुना, पोरगी एकटी, फोन नाही केला तर जीव राहत नाही. ताई, तुमची काळजी खरी आहे आणि ती मी खोडत नाही. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवता येतं, एक तासासाठी, आठ तासांसाठी. निघण्याआधी तिने ते तुम्हाला पाठवावं. तुम्ही घरी बसून ती कुठे आहे ते बघत राहा, तिला काहीच करावं लागणार नाही. ठिपका बराच वेळ एकाच जागी थांबला तर जरूर फोन करा, तेव्हा ती थांबलेलीच असेल.

क्लासवाल्या सरांनाही दोन शब्द. तुमची सकाळची पहिली बॅच सहाला. खेड्यातून येणारी पहिली एसटी अनेक ठिकाणी तोवर तालुक्याला पोहोचतच नाही, म्हणून गाडी घ्यावी लागते. बॅच अर्धा-पाऊण तास उशिरा करता आली तर किती पोरं गाडीवरून उतरतील, तुमच्याच हजेरीवरून काढून बघा. दुसरं, बॅच सुरू झाली की लगेच "आपला पाल्य गैरहजर आहे" असा मेसेज तुमच्याकडून बापाला जातो. बाप तडक पोराला फोन लावतो. पोर पंधरा मिनिटं उशिरा, आधीच घाईत, हायवेवर. तो मेसेज पहिला तास संपल्यावर पाठवा.

आणि एसटीबद्दल मी बोलणारच. मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकर योजनेत. मुलांना मासिक पासात भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. मानव विकासच्या निळ्या गाड्या बऱ्याच तालुक्यांत मुलींसाठी धावतात. वेळ जुळत नाही ही तक्रार खरी असते, पण ती थांब्यावर उभं राहून केली तर कुठेच पोहोचत नाही. मी डेपोत पाहिलं आहे, वेळ कशी बदलते ते. आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, कॉलेजचं पत्र, आणि मुलांची यादी जोडा: नाव, गाव, कॉलेज सुटण्याची वेळ, पास आहे की नाही. यादीत चाळीस-पन्नास नावं असली आणि आजूबाजूच्या तीन-चार गावांनी एकत्र अर्ज केला, तर व्यवस्थापकाला वरच्या कार्यालयाला दाखवायला कागद मिळतो. नुसतं "गाडी वेळेवर सोडा" लिहिलेल्या अर्जाचं काही होत नाही. अर्ज जूनमध्येच द्या. दिवाळीनंतर दिला तर पोरांना तोवर गाडीची सवय लागलेली असते.

बापांना एक वेगळं सांगायचं आहे. तुमचं पोर तीन-चार वर्षांचं असताना टाकीवर बसून तुमच्यासोबत बाजाराला आलं. तुम्ही मान आणि खांदा यांच्यात फोन दाबून व्यापाऱ्याशी कापसाचा भाव बोलत होता. गाडी चालवणं म्हणजे काय हे ते तिथे शिकलं आहे. आता त्याला सोळाव्या वर्षी कोणी चार गोष्टी सांगितल्या तर त्या कशा टिकणार? कॉलेजात जानेवारीत रस्ता सुरक्षेचं भाषण होतं, पोरं टाळ्या वाजवतात आणि बाहेर येऊन तुमच्यासारखीच मान वाकडी करतात. तुम्हाला फोन आला तर गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या, स्टँडवर लावा आणि मग बोला. पोर मागे बसलेलं असताना तर नक्कीच.

कॉलेजची पहिली पालकसभा असते तिला आपल्यातले फार थोडे जातात. या वर्षी जा. फी, गणवेश, परीक्षा यांचं बोलून झालं की उठा आणि प्राचार्यांना सांगा, मुलं गेटच्या आत येईपर्यंत आणि गेटबाहेर पडल्यावर घरी पोहोचेपर्यंत आम्ही कोणी फोन करणार नाही, तातडीचं असेल तर कॉलेजच्या ऑफिसात करू, तो निरोप तुम्ही मुलाला वर्गात द्यावा. ऑफिसचा नंबर सगळ्यांनी तिथेच लिहून घ्या. सुना रस्ता असलेल्या गावांच्या मुलींची एसटीची यादीही त्याच सभेत बनवता येईल, कारण तिथे सगळ्या गावांचे पालक एका जागी असतात.

तुमचा,
एक निवृत्त एसटी चालक
तालुका चोपडा